‘तिन्ही निगेटिव्ह’ म्हणजे सुटलो, असं नाही

ऑक्टोबर संपला. चौकातला गुलाबी फ्लेक्स उतरला, कॉलेजच्या मुलींची रॅली झाली, सेल्फी पॉइंटही निघाला. स्तनाच्या कॅन्सरबद्दल जेवढं बोलायचं तेवढं बोलून झालं. आता पुढच्या ऑक्टोबरपर्यंत विषय बंद.

म्हणून मुद्दाम आज लिहितोय. पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा, पण शेवटपर्यंत वाचा, आणि घरातल्या बायकांनाही वाचून दाखवा.

मी डॉक्टर नाही. आमच्या सोलापूर जिल्ह्यातल्या पेशंटांना योजनेचे कागद करून देणं, बार्शीला जायचं की पुण्याला की मुंबईला हे विचारून सांगणं, कधी सोबत जाणं, एवढंच काम गेली काही वर्षं करतोय. त्यातून फायली वाचायची सवय लागली आणि डॉक्टरांना प्रश्न विचारायची भीड चेपली. त्या फायलींमधून जे दिसलं ते आधीच सांगून टाकतो. ‘कॅन्सर आहे’ एवढं कळलं की निदान झालं, असं आपण धरून चालतो. खरं तर तिथं निदान अर्धंच झालेलं असतं. कॅन्सर कुठल्या जातीचा आहे हे कळेपर्यंत उपचार म्हणजे अंधारात फिरवलेली काठी. आणि ज्या जाती सगळ्यात वेगाने वाढतात, त्याच आपल्याकडं सगळ्यात उशिरा ओळखल्या जातात.

मागं एकदा एका ओळखीच्या माणसाचा फोन आला. आवाजात आनंद मावत नव्हता. “दादा, वैनीचा मोठा रिपोर्ट आला. तिन्ही निगेटिव्ह! देव पावला.”

मला काय बोलावं सुचेना. करोनाच्या दोन वर्षांनी आपल्या सगळ्यांना शिकवलंय की निगेटिव्ह म्हणजे चांगलं. त्या बिचाऱ्याची काय चूक? रिपोर्ट हातात देताना त्याला कुणी दोन वाक्यं समजावून सांगितली नव्हती.

तर ती दोन वाक्यं आता आपण समजून घेऊ. स्तनाच्या कॅन्सरचा तुकडा तपासताना पेशींवर तीन गोष्टी शोधतात. ईआर आणि पीआर, म्हणजे बाईच्या शरीरातली हार्मोन्स पकडणाऱ्या जागा. आणि तिसरं हर-टू नावाचं प्रथिन. या तपासणीला आयएचसी म्हणतात. ही तीन कुलुपं आहेत असं समजा. कुलूप असेल तर त्याची किल्ली आपल्याकडं आहे. ईआर-पीआर पॉझिटिव्ह असेल तर टॅमॉक्सिफेनसारख्या गोळ्या पाच-पाच, दहा-दहा वर्षं घेता येतात आणि आजार परत येण्याचा धोका बराच कमी होतो. हर-टू पॉझिटिव्ह असेल तर ट्रास्टुझुमॅबचं इंजेक्शन आहे. तिन्ही निगेटिव्ह, म्हणजे ट्रिपल निगेटिव्ह, असेल तर या किल्ल्या लागूच पडत नाहीत. मग भिस्त मुख्यतः केमो, ऑपरेशन आणि रेडिएशनवर. ही जात भराभर वाढते, आणि परत यायची असेल तर बहुतेक वेळा पहिल्या तीनेक वर्षांतच येते.

म्हणून त्या माणसाला मी सांगितलं, “पेढे नंतर वाटू, उद्याच्या उद्या कॅन्सरच्या मोठ्या डॉक्टरांना गाठू.” ट्रिपल निगेटिव्हवर केमोचा परिणाम पुष्कळदा चांगला होतो, हीही गोष्ट तितकीच खरी. घाबरून घरी बसायचं कारण नाही. पण रमतगमत जायचंही कारण नाही.

पाश्चात्त्य देशांत स्तनाच्या कॅन्सरच्या १०० बायकांत साधारण १० ते १५ ट्रिपल निगेटिव्ह निघतात. भारतातल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तर हाच आकडा ३० च्या आसपास जातो. याची कारणं अनेक सांगितली जातात. आपल्याकडं हा आजार तिकडच्यापेक्षा साधारण दहा वर्षं आधी गाठतो, आणि कमी वयात या जातीचं प्रमाण जास्त असतं. काही अंशी तपासणीतल्या त्रुटीमुळंही आकडा फुगत असावा, त्याबद्दल पुढं बोलतो. पण पुस्तकात ज्याला ‘कमी आढळणारा’ म्हणतात तो आपल्याकडं दर तीन-चार बायकांत एकीला असेल, तर तो आपल्या तालुक्याचा रोजचा प्रश्न झाला.

२०२२ सालचा जागतिक अंदाज सांगतो की त्या एका वर्षात भारतात स्तनाच्या कॅन्सरच्या सुमारे १ लाख ९२ हजार नव्या रुग्ण होत्या आणि मृत्यू सुमारे ९८ हजार. म्हणजे दोन नव्या रुग्णांमागं एक मृत्यू. अमेरिकेत हेच प्रमाण सहा-सात रुग्णांमागं एक मृत्यू असं आहे. औषधं त्यांच्याकडं जास्त आहेत, हे कबूल. पण मोठा फरक वेळेचा आहे. तिथं बाई लवकर पोचते, आणि पोचल्यावर निदान लवकर पूर्ण होतं.

आता दुसरी जात. ही खरोखर दुर्मीळ आहे, १०० मध्ये १ ते ५. इंग्रजी नाव इन्फ्लमेटरी ब्रेस्ट कॅन्सर, मराठीत दाहक स्तनकर्करोग म्हणा. ‘गाठ लागली तर दाखवा’ असं आपण वर्षभर सांगतो, आणि या आजारात पुष्कळदा गाठ लागतच नाही. थान लाल होतं, गरम लागतं, जड होतं, काही आठवड्यांत फुगून एका बाजूचं ब्लाउज घट्ट व्हायला लागतं. कातडीवर संत्र्याच्या सालीसारखे बारीक खड्डे दिसतात. कधी बोंडशी आत ओढली जाते. कॅन्सरच्या पेशी कातडीतल्या बारीक लसिकावाहिन्या तुंबवतात, म्हणून हे सगळं होतं. दिसायला अगदी जंतुसंसर्ग किंवा गळू. आणि ज्या दिवशी हा ओळखला जातो त्या दिवशी तो किमान तिसऱ्या टप्प्यात असतो. याला पहिला-दुसरा टप्पा नाहीच. त्यामुळं इथं एक-एक आठवडा मोलाचा.

एका ताईची फाइल माझ्याकडं आली होती. वय ३४, बाळ नऊ महिन्यांचं, अंगावर पीत होतं. पहिल्या कागदावर ‘मास्टायटिस’, पाच दिवसांच्या अँटिबायोटिक गोळ्या. थोडं बरं वाटलं, परत लाल. दुसऱ्या गावच्या दुसऱ्या दवाखान्यात वेगळ्या गोळ्या. तिसऱ्या ठिकाणी गळू समजून चीर दिली, पू निघालाच नाही. चौथ्या ठिकाणी सोनोग्राफी, ‘सूज आहे’. मधल्या काळात घरातल्यांनी दूध साचलंय म्हणून शेक दिला, पाला बांधला. तुकडा तपासायला गेला तोपर्यंत साडेचार महिने झाले होते.

यातल्या कुठल्याच डॉक्टरवर मला राग काढायचा नाही. पाजणाऱ्या बाईचं थान लाल झालं तर बहुतेक वेळा तो जंतुसंसर्गच असतो, आणि आधी अँटिबायोटिक देणं बरोबरच आहे. चुकलं ते पुढचं. ‘दहा दिवसांनी परत या, आणि पूर्ण बरं झालं नसेल तर तुकडा काढून तपासू’ हे एक वाक्य चारही कागदांवर कुठंच नव्हतं. जगभर मान्य असलेली रीत अशी आहे की एक-दोन आठवड्यांच्या अँटिबायोटिकने लाली आणि सूज पूर्ण गेली नाही तर पुढची पट्टी बदलायची नाही, बायोप्सी करायची. आतल्या भागाची, आणि शंका असेल तर कातडीच्या छोट्या तुकड्याचीही.

अजून एक फसवा प्रकार सांगतो. एकाच बाजूच्या बोंडशीवर खाज, खपल्या, ओलसरपणा. मेडिकलमधून मलमाची ट्यूब आणायची, चार दिवस बरं, परत तसंच. पॅजेट नावाचा दुर्मीळ प्रकार असा एक्झिम्यासारखा दिसतो, आणि त्यात आत बहुतेक वेळा कॅन्सर असतो. मलमाने दोन-तीन आठवड्यांत गेलं नाही तर तिथंही उत्तर तेच, तुकडा तपासा.

आपल्या भागात थानाचा टीबीही असतो, आणि ग्रॅन्युलोमॅटस मास्टायटिस म्हणून एक सुजेचा आजारही असतो. दोन्ही कॅन्सरसारखे दिसतात आणि कॅन्सर त्यांच्यासारखा दिसतो. म्हणून अंदाजाने टीबीच्या गोळ्या चालू करून दोन महिने वाट बघणं धोक्याचं. बायोप्सीने कॅन्सर असेल तर सापडतो, आणि नसेल तर बाईच्या डोक्यावरचं ओझं उतरतं. दोन्हीकडून फायदाच.

इथं लगेच घरातलं मोठं माणूस म्हणतं, “सुई लावू नका, सुई लावली की पसरतो.” हे वाक्य मी गावोगाव ऐकलंय. शिकलेल्या लोकांकडूनही ऐकलंय. सुईच्या तपासणीने कॅन्सर पसरून बाईचं आयुष्य कमी होतं, असं दिसून आलेलं नाही. मग लोकांना तसं का वाटतं? कारण सुई लावेपर्यंत इतका उशीर झालेला असतो की पुढच्या दोन-चार महिन्यांत आजार पसरलेला दिसतोच. दोष उशिराचा, नाव सुईचं.

सुईतही फरक आहे, तो माहीत असू द्या. बारीक सुईने पाणी ओढल्यासारखी तपासणी असते तिला एफएनएसी म्हणतात. स्वस्त आहे, लवकर होते, पण त्यात नुसत्या सुट्या पेशी येतात. जाड सुईने शेवयीसारखा बारीक तुकडा काढतात ती ट्रूकट किंवा कोअर बायोप्सी. जात ठरवायला, ईआर-पीआर-हर-टू बघायला हा तुकडाच लागतो. जागेवर भूल देऊन काही मिनिटांत होते, त्याच दिवशी घरी. मग एफएनएसीवरच का थांबतो आपण? कारण बऱ्याच ठिकाणी तेवढंच होतं.

आणि याहून वाईट म्हणजे चाकू आधी आणि तपासणी नंतर. “गाठ आहे ना, काढूनच टाका, कटकट नको.” हे घरचेही म्हणतात, आणि काही ठिकाणी तसंच होतं. गाठ निघते. कधी ती तपासणीला जाते, कधी पिशवीत घालून नातेवाइकांना दाखवली जाते आणि टाकून दिली जाते. सहा महिन्यांनी त्याच जागेवर परत काहीतरी येतं, आणि पहिली गाठ काय होती हे सांगणारा एकही कागद फाइलीत नसतो. असा कागद शोधत मी स्वतः दोन दवाखाने फिरलोय. मिळाला नाही.

चाकू आधी का नको, ते जरा नीट समजून घ्या, कारण सगळं इथंच आहे. गाठ मोठी असेल किंवा काखेत पोचली असेल, तर ट्रिपल निगेटिव्ह आणि हर-टू पॉझिटिव्हमध्ये आता बहुतेक ठिकाणी आधी केमो आणि मग ऑपरेशन करतात. दाहक प्रकारात तर आधी केमोच, मग ऑपरेशन, मग रेडिएशन. आधी केमो दिल्याने गाठ औषधाला किती दाद देते हे डोळ्यांना दिसतं. ऑपरेशनच्या वेळी गाठ पूर्ण विरघळलेली निघाली तर पुढचा धोका कमी. शिल्लक राहिली तर पुढं कुठलं औषध वाढवायचं ते ठरतं. गाठ आधीच कापून टाकली की ही खूण कायमची गेली.

याचा पुरावा आपल्याच मुंबईतून आलेला आहे. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी ट्रिपल निगेटिव्हच्या बायकांवर अभ्यास केला. ऑपरेशनच्या आधीच्या केमोमध्ये कार्बोप्लॅटिन हे औषध घालून पाहिलं. २०२२ च्या डिसेंबरमध्ये निष्कर्ष मांडले गेले. पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये जगण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलेलं दिसलं. कार्बोप्लॅटिन हे जुनं औषध आहे. लाखालाखाच्या नव्या इंजेक्शनांपुढं त्याची किंमत काहीच नाही. आपल्यासारख्यांना परवडेल असा हा शोध. पण त्याचा उपयोग कुणाला? जिची जात ऑपरेशनच्या आधी कळली तिलाच.

हर-टूचंही तेच. एकेकाळी हा सगळ्यात वाईट प्रकारांपैकी एक गणला जायचा. १९९८ मध्ये अमेरिकेत ट्रास्टुझुमॅब मंजूर झालं आणि चित्र पालटलं. २०१४ पासून भारतीय कंपनीचं त्याच धर्तीचं कमी किमतीचं औषध इथं मिळायला लागलं. २०१५ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने ते अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतलं. औषध आलं, किंमत खाली आली. आता अडतं कुठं? फाइलीवर ‘हर-टू : २+’ असं लिहिलेलं असतं आणि पुढचं पान कोरं असतं. २+ म्हणजे ‘नक्की सांगता येत नाही’. त्यावर फिश नावाची आणखी एक तपासणी करावी लागते. ती महाग आहे, मोठ्या शहरात होते, आणि ‘ही करायचीच आहे’ असं बाईला कुणी ठामपणे सांगत नाही.

आता मघाशी म्हटलेली तपासणीतली त्रुटी. ही गोष्ट मलाही एका पॅथॉलॉजीच्या डॉक्टरांनी समजावून सांगितली तेव्हाच कळली. काढलेला तुकडा एका तासाच्या आत १० टक्के न्यूट्रल बफर्ड फॉर्मालिनमध्ये पडला पाहिजे, आणि त्यात कमीत कमी ६ तास, जास्तीत जास्त ७२ तास राहिला पाहिजे. फॉर्मालिनही भरपूर हवं, तुकड्याच्या दहापट तरी. आपल्याकडं काय होतं? तुकडा सलाईनच्या बाटलीत जातो. किंवा चमचाभर फॉर्मालिनमध्ये. मग शनिवारची एसटी, रविवारची सुट्टी, सोमवारी लॅब. तोवर ऊती खराब होते आणि जे पॉझिटिव्ह होतं ते निगेटिव्ह दिसू शकतं. म्हणजे एखाद्या बाईला साधी हार्मोनची गोळी लागू पडली असती, ती नुसत्या बाटलीतल्या पाण्यापायी हुकते. यात मशिन नको, कोट्यवधींचं बजेट नको. योग्य बाटली हवी, आणि बाटलीवर तुकडा कधी काढला याची वेळ लिहायची सवय हवी.

पैशाचं बोलू. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, पाच लाखांपर्यंतचं संरक्षण आहे. त्यातून शेकडो बायकांचे उपचार झालेले मी पाहिलेत, नाव ठेवायचं कारण नाही. पण योजनेचं दार उघडतं बायोप्सीच्या रिपोर्टनंतर. तो रिपोर्ट हातात येईपर्यंतचा सोनोग्राफी, मॅमोग्राफी, सुई, आयएचसी हा सगळा खर्च आमच्याकडच्या बहुतेक बायकांच्या घरून होतो. काही हजारांचाच असतो. पण ऊसतोडीला जाणाऱ्या किंवा रोजाने खुरपायला जाणाऱ्या बाईसाठी काही हजार म्हणजे ‘सुगी झाल्यावर बघू’. पाच लाखांचा उपचार फुकट आणि त्याच्या दारापर्यंतची वाट विकत, असा हा उलटा हिशेब आहे. त्यात जाणं-येणं आणि बुडालेली मजुरी कुणीच धरत नाही.

काही जण म्हणतील, तपासणी शिबिरं होतात की. होतात. २०१६ च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणं ३० ते ६५ वयाच्या प्रत्येक बाईची दर ५ वर्षांनी हाताने स्तनतपासणी व्हायला हवी. प्रत्यक्षात २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत ३० ते ४९ वयाच्या बायकांपैकी अशी तपासणी कधी तरी झालेल्या देशभरात फक्त ०.९ टक्के निघाल्या. शंभरात एकही नाही.

शिबिरं वाढलीच पाहिजेत. टाटा मेमोरियलने १९९८ पासून मुंबईत दीड लाखाहून जास्त बायकांवर वीस वर्षं अभ्यास केला. प्रशिक्षण दिलेल्या आरोग्यसेविकांनी दर दोन वर्षांनी नुसत्या हाताने तपासणी केली, तर आजार लवकरच्या टप्प्यात सापडला. पन्नाशीच्या पुढच्या बायकांमध्ये मृत्यू जवळपास ३० टक्क्यांनी कमी झाले. यंत्र नाही, नुसते शिकलेले हात. केवढी मोठी गोष्ट! पण त्याच अभ्यासात पन्नाशीच्या आतल्या बायकांमध्ये मृत्यू घटलेले दिसले नाहीत. आणि ट्रिपल निगेटिव्ह, दाहक हे प्रकार तर कमी वयातही गाठतात, आणि वाढायला लागले की महिन्यांच्या हिशेबात वाढतात. शिबिर मार्चमध्ये झालं आणि गाठ जुलैमध्ये आली, तर ती बाई पुढच्या शिबिराची वाट बघणार का? शिबिराच्या जोडीला असं दार हवं जे कुठल्याही मंगळवारी उघडं असेल.

जागतिक आरोग्य संघटनेने एक साधी कसोटी दिलीय. बाई पहिल्यांदा तक्रार घेऊन दवाखान्यात आली त्या दिवसापासून ६० दिवसांत निदान पूर्ण झालं पाहिजे. वरच्या ताईच्या साडेचार महिन्यांच्या शेजारी हा आकडा ठेवून बघा.

‘आपल्या भागात हे जमणार नाही’ असं म्हणणाऱ्यांना बार्शीची आठवण करून देतो. भारतातली ग्रामीण भागातली पहिली कॅन्सर नोंदणी १९८७ मध्ये आपल्याच बार्शीत सुरू झाली. बार्शी, परांडा, भूम या तालुक्यांतली गावं. गावात बसून मोजणी करायची तर लोकांशी बोलावं लागतं, म्हणून कार्यकर्ते गावोगाव जाऊन लक्षणं सांगायचे, शंका असेल त्याला तपासणीला बोलवायचे. काही वर्षांत गर्भाशयमुखाच्या कॅन्सरच्या बायका आधीपेक्षा लवकरच्या टप्प्यात यायला लागल्या, हे नोंदीतूनच दिसलं. कुठलं नवं यंत्र आलं नव्हतं. माणसं घरी येऊन बोलत होती आणि पाठपुरावा करत होती. हे आपल्या मातीत झालेलं आहे.

मग मागायचं काय? माझ्या मते पाच गोष्टी.

१. प्रत्येक उपजिल्हा रुग्णालयात आठवड्यातला एक ठरलेला दिवस ‘स्तन तपासणी’चा. हाताने तपासणी, सोनोग्राफी आणि ट्रूकट बायोप्सी, तिन्ही एकाच फेरीत. तपासायला शक्यतो बाई डॉक्टर. चिठ्ठीशिवाय कुणीही यावं.

२. ट्रूकटची सुई, योग्य फॉर्मालिनच्या भरलेल्या बाटल्या आणि वेळेची चिठ्ठी प्रत्येक ठिकाणी. तुकडा ठरलेल्या दिवशी ठरलेल्या लॅबला जावा, आणि ईआर-पीआर-हर-टूसह रिपोर्ट परत यायची मुदत लिहिलेली असावी. हर-टू २+ आलं तर फिश आपोआप पुढं जावी, बाईने मागायची वेळ येऊ नये.

३. बायोप्सी आणि आयएचसीचा खर्च सरकारने उचलावा, रिपोर्ट कॅन्सरचा निघो वा न निघो.

४. लाल झालेलं थान दहा ते चौदा दिवसांत पूर्ण बरं झालं नाही तर पुढं पाठवायचंच, हा लेखी नियम प्राथमिक आरोग्य केंद्रापासून खाजगी दवाखान्यापर्यंत सगळ्यांना कळवावा. आशाताईंच्या प्रशिक्षणात ‘गाठ’ या शब्दाच्या जोडीला ‘लाली, सूज, संत्र्याची साल, बोंडशीची खपली’ हे शब्द घालावेत.

५. काढलेली कुठलीही गाठ तपासणीशिवाय टाकायची नाही, आणि रिपोर्टची प्रत बाईच्या हातात.

यात काहीही अशक्य नाही. एका नेत्याच्या वाढदिवसाच्या फ्लेक्सच्या खर्चात कितीतरी बाटल्या येतील, एवढंच म्हणतो.

आणि आपण घरी काय करायचं? काहींना वाटेल, हा माणूस घाबरवतोय. तसं नाही. थानातल्या बहुतेक गाठी साध्याच असतात, विशेषतः तरुण मुलींच्या. पण साधी आहे हे तपासणीने ठरवायचं, सासूबाईंच्या किंवा माझ्यासारख्याच्या अंदाजाने नाही. दुखत नाही म्हणून साधी, असं तर मुळीच समजू नका. कॅन्सरची गाठ सुरुवातीला बहुधा दुखतच नाही. मॅमोग्राफी नॉर्मल आली आणि गाठ हाताला लागतेय, तरी गप्प बसायचं नाही. तरुण वयात थान घट्ट असतं, फोटोत गाठ लपू शकते. बाळ पाजतेय म्हणून, गरोदर आहे म्हणून, वय तीसच आहे म्हणून कुणालाही सूट नाही. पाजण्यामुळं आलेली गाठ किंवा लाली दोन आठवड्यांत गेलीच पाहिजे. आणि बाप्यांनो, तुमच्याही छातीत गाठ होऊ शकते. प्रमाण शंभरात एकाच्या आसपास आहे, पण आहे.

डॉक्टरांना चार प्रश्न विचारा, न लाजता. ट्रूकट बायोप्सी होणार का? ईआर, पीआर, हर-टू तिन्ही बघणार का? ऑपरेशनच्या आधी केमोची गरज आहे का, हे कॅन्सरच्या डॉक्टरांना विचारलंय का? कमी वय किंवा ट्रिपल निगेटिव्ह असेल तर जनुकीय तपासणी करावी का? कारण ती बहिणीच्या आणि मुलीच्याही कामाची असते. चांगला डॉक्टर या प्रश्नांवर चिडत नाही. आणि मेणाचा ठोकळा, म्हणजे ज्याला ब्लॉक म्हणतात तो, आणि स्लाइड जपून ठेवा. दुसऱ्या ठिकाणी दाखवायचं असेल तर त्या लागतात.

आपल्या बायका दुखणं अंगावर काढतात, हे आपण कौतुकाने सांगतो. ‘आई कधी आजारीच पडली नाही.’ ती पडली असेल, सांगितलं नसेल. थानाचं दुखणं तर नवऱ्यालाही सांगायची चोरी. तेव्हा पुरुषांनो, विचारायची सुरुवात तुम्ही करा. दवाखान्याच्या दिवशी मजुरी बुडाली तर बुडू द्या, सोबत जा.

वरच्या पाच मागण्यांचं निवेदन तयार आहे. पुढच्या आठवड्यात जिल्हा शल्यचिकित्सकांना आणि जिल्हा परिषदेच्या आरोग्य विभागाला देतोय. सोबत यायचं असेल, सही करायची असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव लिहा. बायकांची नावं जास्त असली तर बरं होईल. आणि कुणाच्या घरात आत्ता, या क्षणी अशी लाली किंवा गाठ असेल, तर सहीचं राहू द्या. आधी दवाखाना.